मांडीवरचे यंत्रपिल्लू

१

माणसाच्या आजारपणाचा इतिहास लिहिणारे बहुधा वैद्यांचा, औषधांचा आणि साथींचा इतिहास लिहितात. रोग्याच्या खाटेभोवती कोण बसले, त्याच्याशी कोण बोलले, पायथ्याशी अंग मुडपून कोणत्या मांजराने ऊब घेतली, याची दप्तरे कोणी ठेवलेली नाहीत. तरीही या दुर्लक्षित इतिहासातला एक धागा आपल्याला बऱ्यापैकी सलग सापडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील वेड्यांच्या एका निवासात तो सुरू होतो आणि दोनशे वर्षांनी जपानातील एका प्रयोगशाळेत तयार झालेल्या पांढऱ्याशुभ्र, केसाळ यंत्रापाशी येऊन पोहोचतो.

हे यंत्र म्हणजे सील या थंड समुद्रातील प्राण्याच्या पिल्लाची प्रतिकृती. नाव पारो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मांडीवर ते ठेवतात. वृद्ध त्याला कुरवाळतात, त्याच्याशी बोलतात, आणि ते मान वर करून, डोळ्यांची उघडझाप करून, बारीक आवाज काढून त्यांना प्रतिसाद देते.

हे प्रथम ऐकताना हसू येते आणि मागोमाग पोटात कालवते. जिने चाळीस-पन्नास वर्षे संसार केला, पोरे वाढवली, पंक्ती उठवल्या, त्या बाईच्या हाती शेवटी विजेवर चालणारे खेळणे द्यावे, ही शुश्रूषा म्हणावी की अवहेलना? प्रश्न सोपा नाही. तो केवळ जपानी माणसांचाही नाही, कारण वार्धक्य कोणाला चुकलेले नाही. आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर हाती घेऊन वाचते अशा अंकात त्याची चर्चा करण्यास म्हणूनच हरकत नसावी. पण उत्तराची घाई करण्यापूर्वी, ही माणसे या यंत्रापर्यंत कोणत्या वाटेने आली ते पाहणे बरे.

२

इंग्लंडातील यॉर्क शहरात सन १७९० मध्ये हॅना मिल्स नावाची एक विधवा तेथील वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली. ती क्वेकर पंथाची होती. तिच्या पंथबांधवांना तिला भेटूही दिले गेले नव्हते. त्या काळी वेड लागलेला माणूस म्हणजे अंगात शिरलेले जनावर, अशी समजूत होती आणि त्याला वागवण्याची रीतही तीच होती: साखळदंड, अंधारकोठडी आणि मार. हॅना मिल्सच्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने आपल्या पंथाकडून पैसे गोळा केले आणि १७९६ साली यॉर्कजवळ एक निराळे घर उघडले. त्याचे नावही त्याने इस्पितळ किंवा वेड्यांचे घर असे ठेवले नाही. ‘रिट्रीट’, म्हणजे विसाव्याची जागा, एवढेच म्हटले.

या विसाव्याच्या जागेत साखळदंड नव्हते. बाग होती, चहा होता, हाताला काम होते. ट्यूकचा नातू सॅम्युएल याने १८१३ साली या संस्थेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यात जाता जाता एक गोष्ट नोंदवलेली आहे. रोग्यांना फिरण्यासाठी जी अंगणे होती त्यांत ससे, समुद्रपक्षी, ससाणे आणि कोंबड्या सोडलेल्या असत. रोगी त्यांच्याशी चांगले परिचयाचे होऊन जात. सॅम्युएलने याचे कारणही दिले आहे: या प्राण्यांमुळे निरागस करमणूक तर होतेच, शिवाय कधीकधी रोग्याच्या मनातील स्नेहभाव आणि परोपकारबुद्धी जागी होते.

या कारणाकडे वाचकांनी थोडे थांबून पाहावे. सशामुळे रोग्याला बरे वाटते, एवढेच सॅम्युएल म्हणत नाही. सशाविषयी रोग्याला माया वाटू लागते, असे तो म्हणतो. ज्याला साऱ्या जगाने कोंडून ठेवण्याच्या लायकीचा ठरवला, त्याच्या पायाशी त्याच्याहून दुबळा, त्याच्याहून भित्रा जीव येऊन बसतो. आता जपायचे कोणी? त्या वेड्यानेच.

पुढे अर्ध्या शतकाने हाच विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेलने सामान्य घरांच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडला. शुश्रूषेवरील तिचे छोटेखानी पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला लहानसा पाळीव प्राणी हा उत्तम सोबती असतो, असा अभिप्राय तिने त्यात दिला आहे. आणि वर असेही सांगितले आहे की त्या प्राण्याला भरवणे, त्याची जागा साफ करणे रोग्याला जमत असेल तर ते त्यालाच करू द्यावे. स्वतः नाइटिंगेलचा अनुभवही या बाबतीत कोरडा नव्हता. १८५० साली अथेन्समध्ये पोरांच्या तावडीतून सोडवलेले घुबडाचे पिल्लू ती खिशात घालून हिंडत असे. क्रिमियाच्या युद्धावर निघण्याच्या धांदलीत ते बिचारे मेले. पेंढा भरलेले ते घुबड आजही लंडनमधील तिच्या नावाच्या संग्रहालयात पाहावयास मिळते.

विसाव्या शतकात या जुन्या शहाणपणाला शास्त्राचा पोशाख चढला. बोरिस लेव्हिन्सन या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाकडे, कोणाशीही न बोलणारे एक मूल ठरल्या वेळेच्या आधीच येऊन पोहोचले. खोलीत लेव्हिन्सनचा ‘जिंगल्स’ नावाचा कुत्रा होता. कुत्र्याने मुलाचे हात चाटले आणि मुलाने त्याला जवळ घेतले. डॉक्टरला महिनोन्महिने लागले असते ते कुत्र्याने काही क्षणांत केले. लेव्हिन्सनने ही हकीकत १९६१ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंच्या परिषदेत सांगितली तेव्हा काहींनी त्याची थट्टाच केली. परंतु १९६२ मध्ये त्याचा लेख प्रसिद्ध झाला आणि प्राण्यांच्या साहाय्याने उपचार करण्याची आधुनिक पद्धत तेथून पुढे रुजली.

३

एवढे सगळे असताना खरा ससा, खरा कुत्रा सोडून यंत्राच्या मागे लागण्याचे कारण काय? त्याचे उत्तर त्या रोगात आहे, ज्यासाठी हे यंत्र निघाले.

१९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. अॅलॉईस आल्झायमर हा डॉक्टर तिच्याशी बोलावयास बसला. त्याने ते सारे प्रश्नोत्तर टिपून ठेवले आहे. तिचे नाव विचारले. तिने सांगितले, ऑगस्टे. नवऱ्याचे नाव विचारले. तिने पुन्हा आपलेच नाव सांगितले. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात होती. काय खातेस म्हटल्यावर ती म्हणाली, पालक. नाव लिहावयास दिले तर ‘श्रीमती’ एवढे लिहून ती पुढचे विसरली. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असे ती म्हणे. तिच्या हस्ताक्षराच्या चिठ्ठ्यांसह ही टिपणे पुढे कोठेतरी गडप झाली होती. १९९५ साली ती फ्रँकफुर्टलाच सापडली.

१९०६ मध्ये ती बाई वारली. आल्झायमरने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यात साचलेले थर व पेशींतील तंतूंची गुंतवळ पाहून त्याच वर्षी ट्यूबिंगेन येथील सभेत त्याचे वर्णन केले. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. पुढे १९१० साली एमिल क्रेपेलिनने आपल्या ग्रंथात या रोगाला आल्झायमरचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाला कारण होणाऱ्या रोगांत आज हाच सर्वांत मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होती. भारतापुरते बोलायचे तर, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील माणसांत ही संख्या सुमारे ८८ लाख धरली आहे. आपण मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून किंवा ‘म्हातारचळ लागला’ म्हणून त्या गोष्टीला हसण्यावारी नेतो. जपानी भाषेतही यासाठी असाच एक शब्द होता. त्यातली दोन्ही अक्षरे खुळेपणा दाखवणारी. २००४ साली तेथील सरकारने तो शब्द काढून टाकला आणि ‘जाणिवेचा विकार’ अशा अर्थाचा नवा शब्द रूढ केला. रोगी बरा झाला नाही; पण रोग्याचा अपमान तेवढा थांबला.

या रोग्याला घरी सांभाळणे कठीण, तर इस्पितळात सांभाळणे त्याहून कठीण. पाय मोडला म्हणून किंवा फुप्फुसाला सूज आली म्हणून त्याला वॉर्डात आणावे, तर भिंती अनोळखी, माणसे अनोळखी, दिवे रात्रभर चालू. मावळतीच्या सुमारास त्याची कालवाकालव सुरू होते. घरी जायचे आहे म्हणून तो उठतो, नळ्या उपसतो, ओरडतो, परिचारिकेचा हात झिडकारतो. अशा वेळी इस्पितळांनी वर्षानुवर्षे काय केले? शामक औषधे दिली. मूळ वेडावरची ही तीव्र औषधे म्हाताऱ्या जिवाला झेपत नाहीत. २००५ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने त्यांवर मृत्यूच्या वाढत्या धोक्याची ठळक सूचना छापावयास लावली. २००९ साली ब्रिटनमध्ये सरकारसाठी झालेल्या अहवालात असा अंदाज दिला होता, की तेथे स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १ लाख ८० हजार रोग्यांना वर्षाकाठी ही औषधे दिली जातात आणि त्यांपायी सुमारे १,८०० जास्तीचे मृत्यू होतात. म्हातारीच्या मांडीवर खेळणे ठेवणाऱ्यांना हसण्यापूर्वी हा आकडा लक्षात असू द्यावा. त्या खेळण्याची तुलना नातवंडांनी भरलेल्या घराशी करून चालणार नाही. ती करावी लागते या गोळीशी, आणि खाटेला बांधलेल्या पट्ट्याशी.

मग खरा कुत्रा का नको? काही इस्पितळांत तो येतोही. पण आठवड्यातून तासभर, मालकाच्या दोरीला. रात्री तीन वाजता, जेव्हा रोगी रडत असतो, तेव्हा तो नसतो. शिवाय तो चावतो, ओरबाडतो, त्याच्या केसांनी कोणाला दमा होतो, त्याच्यापायी कोणी अडखळून पडते. आणि त्याला खाऊपिऊ घालण्याचे विसरणारा धनी ही त्याच्यावरही आपत्तीच. या अडचणीतून यंत्राची वाट निघाली.

४

यांत्रिक प्राणी ही काही नवी कल्पना नाही. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे त्यात वर्णन आहे. १७३९ च्या सुमारास फ्रान्समध्ये व्होकाँसन याने तांब्याचे बदक केले. ते पंख फडफडवी, दाणे टिपी आणि टिपलेले पचवून बाहेरही टाकी, असे लोक डोळे विस्फारून सांगत. पचनाचा भाग ही लबाडी होती, पोटात आधीच तो ऐवज भरून ठेवलेला असे, हे मागाहून उघड झाले. श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाचा लाकडी वाघ गोऱ्या शिपायाच्या उरावर बसून गुरगुरे. तो १७९९ मध्ये इंग्रजांनी लुटून नेला आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. हे सारे प्राणी थक्क करण्यासाठी किंवा धाक घालण्यासाठी केलेले होते. त्यांना कोणी मांडीवर घेतले नाही.

प्राण्याचे रूप सोडून त्याचे वागणे पकडण्याचा प्रयत्न इंग्लंडात ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये केला. त्याच्या ‘एल्मर’ व ‘एल्सी’ या कासवांना दोन-दोन कृत्रिम मज्जापेशी होत्या, म्हणजे अगदीच तुटपुंजा मेंदू. तरी ती प्रकाशाकडे सरकत, अडथळा आला की वळसा घालत आणि बॅटरी उतरली की आपल्या खुराड्याकडे परतत. बघणाऱ्यांना ती जिवंत वाटत. जिवंतपणाचा भास होण्यास फार मोठी बुद्धी लागत नाही, हे या कासवांनी दाखवून दिले.

पन्नास वर्षांनी त्या भासाचा बाजार झाला. सोनी कंपनीने १९९९ मध्ये ‘आयबो’ हा यांत्रिक कुत्रा विकावयास काढला; जपानात ३,००० कुत्रे २० मिनिटांत संपले. २००६ मध्ये कंपनीने तो धंदा बंद केला आणि २०१४ मध्ये त्यांची दुरुस्तीही थांबवली. (२०१८ साली नवा आयबो निघाला, ती गोष्ट वेगळी.) जुने कुत्रे एकेक करून बंद पडू लागले, तेव्हा त्यांचे धनी त्यांना भंगारात टाकावयास तयार होईनात. चिबा प्रांतातील इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात २०१५ पासून त्यांचे अंत्यसंस्कार होऊ लागले. २०१८ साली एका दिवशी ११४ कुत्र्यांना रांगेने मांडून, प्रत्येकाच्या गळ्यात कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी बांधून मंत्र म्हटले गेले. मग त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आजारी कुत्र्यांना बसवावयास काढून घेतले. ज्या माणसांची बुद्धी शाबूत होती, त्यांचीच ही कथा आहे; स्मृतिभ्रंशाच्या रोग्याने यंत्राला जीव लावला तर नवल कसले?

५

पारोची कल्पना ताकानोरी शिबाता या जपानी अभियंत्याची. १९९३ मध्ये त्याने कामास आरंभ केला. कारखान्यातील यंत्र वस्तू तयार करते आणि तिची किंमत वस्तूच्या संख्येवर ठरते. पण ज्याची किंमत केवळ माणसाला काय वाटते यावरच ठरेल असे यंत्र करता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. प्रथम त्याने कुत्रा आणि मांजर करून पाहिले. लोक ते हाती घेत आणि लगेच खोड काढीत: मांजर असे वागत नाही, कुत्र्याचे अंग असे नसते. घरच्या प्राण्याची नक्कल पकडली जाते. तेव्हा असा प्राणी हवा, जो सर्वांना ठाऊक आहे पण ज्याच्या सहवासात कोणी राहिलेले नाही. शिबाताने सीलचे पिल्लू निवडले. त्यासाठी तो कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातातील मॅग्डालेन बेटांजवळ बर्फावर गेला, तेथील हार्प सीलची पिल्ले पाहिली, त्यांचे रडणे ध्वनिमुद्रित करून आणले. पारोच्या गळ्यातून येतो तो हाच आवाज.

पारोची लांबी ५७ सेंटीमीटर आणि वजन अडीच-पावणेतीन किलो आहे, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढे. हा योगायोग नव्हे. तेवढे ओझे उचलताना हात आपोआप एका ठरावीक रीतीने वळतात, आणि ती रीत स्मृती गेली तरी हातांतून जात नाही. त्याच्या केसांखाली स्पर्श ओळखणारी साधने पसरलेली आहेत. मिशांना हात लागलेला त्याला कळतो. उजेड-अंधार कळतो, आवाज कोणत्या बाजूने आला ते कळते. एकाच नावाने हाक मारीत राहिले तर त्या नावाला ते हळूहळू ओ देऊ लागते. जे केल्यावर कुरवाळले गेले ते पुन्हा करते. जे केल्यावर चापट बसली ते टाळते. त्याला चालता येत नाही, कारण चालणारा प्राणी म्हाताऱ्या माणसापासून दूर जातो. बॅटरी भरण्याची तार त्याच्या तोंडात घालतात आणि तिचे टोक बाळाच्या चोखणीसारखे केलेले आहे. ज्याने ते ठरवले त्याला सॅम्युएल ट्यूकच्या सशांचे मर्म कळले होते असे म्हटले पाहिजे. वीज भिंतीतून आली तरी भरवण्याची कृती त्याने माणसाच्या हातात ठेवली.

२००२ साली गिनेस बुकाने ‘सर्वाधिक उपचारक्षम यंत्रमानव’ म्हणून त्याची नोंद केली, २००५ मध्ये ते जपानात विक्रीस आले आणि २००९ मध्ये अमेरिकेने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. डेन्मार्कने पारो मोठ्या संख्येने घेतले, पण एक अट घातली: ते हाताळणाऱ्या सेवकाने आधी शिक्षण घेतले पाहिजे. इंग्लंडातील ससेक्समध्ये स्मृतिभ्रंशाच्या एका रुग्णकक्षात ९ महिने पाहणी झाली ती वेगळ्याच चिंतेपोटी. एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जाणारे हे केसाळ यंत्र जंतूंची ने-आण तर करणार नाही ना? नीट नियमाने पुसून घेतले तर करीत नाही, असे दिसून आले. मोठे शोध बातम्यांत येतात. इस्पितळात एखादी गोष्ट टिकते ती अशा पुसण्याधुण्याच्या हिशेबावर.

६

या यंत्राने खरोखर गुण येतो का? येथे भक्तांचे ऐकून उपयोग नाही, आणि निंदकांचेही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथील एका वृद्धनिवासात ४० जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. पारोसोबत बसणाऱ्यांचे एकाकीपण कमी झाले. तेथे राहणाऱ्या खऱ्या कुत्र्यापेक्षाही लोक पारोशी अधिक बोलले.

परंतु सर्वांत मोठी परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. ग्रिफिथ विद्यापीठातील वेंडी मॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वीन्सलंडमधील २८ निवासांतल्या ४१५ स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांचे तीन गट केले. एका गटाला पारो मिळाला. दुसऱ्यालाही पारोच मिळाला, पण त्याचे यंत्र बंद ठेवलेले, म्हणजे निव्वळ मऊ बाहुले. तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. १० आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी पाव तास. २०१७ साली निकाल आला. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा पारोने आनंद वाढला आणि तगमग कमी झाली. बंद बाहुल्यापेक्षा चालू पारोशी लोक अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. मात्र त्यापलीकडे बाहुले आणि यंत्र यांत फारसे अंतर पडले नाही.

हा निकाल शिबाताच्या बारा वर्षांच्या मेहनतीला थोडा जड जाणारा आहे, आणि आपल्याला बरेच काही शिकवणारा आहे. सुमारे ६,००० डॉलरांच्या यंत्राने जे साधले, त्यातले पुष्कळसे एका मऊ, केसाळ, वजनदार वस्तूने साधले. म्हणजे गुण मुख्यतः यंत्राच्या चलाखीचा नव्हता. काही जवळ घ्यावयास मिळाले, काही जपावयास मिळाले, त्याचा तो होता. बाजारानेही हे आधीच ओळखले होते. २०१५ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने वृद्धांसाठी शंभरएक डॉलरांचे, घुरघुरणारे यांत्रिक मांजर काढले आणि न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण खात्याने २०१८ पासून एकाकी वृद्धांना अशी मांजरे आणि कुत्री वाटावयास प्रारंभ केला.

७

आता फसवणुकीचा प्रश्न. २००६ मध्ये रॉबर्ट आणि लिंडा स्पॅरो या लेखकद्वयाने असा आक्षेप घेतला, की यंत्राला जीव आहे असे वृद्धाला वाटू देणे हीच मुळात लबाडी आहे आणि लबाडीवर उभे राहिलेले सुख हे सुख नव्हे. शेरी टर्कल या अमेरिकन विदुषीने २०११ च्या आपल्या पुस्तकात एका वृद्धेची हकीकत दिली आहे. मुलाशी दुरावा आल्यामुळे ती खिन्न होती. मांडीवरचा पारोही खिन्न आहे अशी कल्पना करून ती त्याची समजूत घालू लागली, आणि तसे करता करता स्वतःही शांत झाली. भोवतालचे लोक प्रसन्न झाले. टर्कल मात्र व्यथित झाल्या. ज्याला मुलगा म्हणजे काय, दुरावा म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याच्यापाशी त्या बाईने मन मोकळे केले. आणि ते ऐकावयास तेथे माणसे असूनही ती बाजूला उभी होती.

आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीच्या बैलांची जोडी पाटावर मांडून पुजतो. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल सजवून दारोदार हिंडतात. त्यांना आपण फसलेले म्हणत नाही. माती आहे हे त्यांना कळते, आणि माया बैलावरच जाते हेही. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळातील पुष्कळ रोगी पारोकडे अशाच नजरेने पाहतात. हे खेळणे आहे असे म्हणतात आणि तरी त्याला थोपटतात. परंतु रोग वाढल्यावर माती आणि बैल यांतली रेघ पुसली जाते. तेथे आपला हा दाखला अपुरा पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्या रोग्याच्या वतीने कोणीतरी ती रेघ सांभाळावी लागते. ती आल्यागेल्या नातलगांनी सांभाळायची, परिचारिकेने सांभाळायची. ‘तुमचे बाळ रडते आहे’ असे म्हणून त्या भ्रमाला खतपाणी घालायचे नाही, आणि ‘हे खोटे आहे’ म्हणून हातातून हिसकावायचेही नाही. हे तारतम्य यंत्रात घालता येत नाही. डेन्मार्कने सेवकांना शिकवण्याची अट घातली ती उगीच नव्हे.

८

दोनशे वर्षांचा हा धागा हाताशी धरला म्हणजे एक गोष्ट दिसते. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला इस्पितळात सर्व काही मिळते. त्याला भरवतात, नहाऊ घालतात, कूस बदलून देतात. दिवसभर तो घेणाराच असतो. आपल्याला कोणाचे काही करता येते, कोणाला आपली गरज आहे, ही जाणीव त्याच्या वाट्याला येत नाही. आणि स्मृती जाऊनही ही भूक मात्र जात नाही. यॉर्कच्या अंगणात ससा सोडणाऱ्यांनी ही भूक ओळखली. नाइटिंगेलने रोग्यालाच पिंजरा साफ करू द्या म्हटले ते यासाठीच. जपानी यंत्राची थोरवी इतकीच, की खरा ससा जेथे जाऊ शकत नाही तेथेही ही भूक भागवण्याची थोडी सोय त्याने केली.

धोका आहे तो या यंत्राच्या मागून येणाऱ्या हिशेबनिसापासून. जपानात २००५ च्या सुमारास दर पाच माणसांत एक पासष्टीपुढचा झाला, आणि तेव्हापासून ते प्रमाण वाढतच आहे. सेवा करणारे हात कमी, सेवा घेणारे जास्त. अशा वेळी यंत्र आले म्हणून परिचारिका कमी करण्याचा मोह कोणत्याही व्यवस्थापकाला पडेल. घरच्या माणसांनाही, भेटीला न जाण्याचे एक बरे कारण त्यात सापडेल. तेव्हा एखाद्या वॉर्डात असे पिल्लू आले तर त्याच्या केसांचा मऊपणा आणि डोळ्यांचे तेज बघण्यात फार वेळ घालवू नये. ते आल्यानंतर खाटेजवळच्या खुर्चीवर माणसे पूर्वीपेक्षा जास्त बसू लागली की कमी, एवढे मोजावे. पिल्लाचे निमित्त करून नात आजीशी बोलू लागली, शेजारच्या खाटेवरच्या बाईने ‘मला द्या पाहू जरा’ म्हणून हात पुढे केला, नर्सला आंघोळीपूर्वी दोन शब्द बोलावयास विषय मिळाला, तर यंत्राचे पैसे वसूल झाले. खुर्ची रिकामी राहिली, तर ते पिल्लू कितीही गोड आवाजात रडो, आजारी माणसाला आपण एकटेच सोडले आहे, एवढाच त्याचा अर्थ.